पाणवठा आणि जातिभेद

पाणवठा म्हणजे गावाने पाणी भरण्याची जागा : आड, विहीर, बारव, तळे किंवा नदीचा घाट. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात या जागेचे महत्त्व पाण्यापुरते नाही. आपला कोण आणि परका कोण, हे गावात रोज ठरे ते इथे. 'कोणाच्या हातचे पाणी चालते' या एका प्रश्नावर जातींची उतरंड उभी होती.

नदीकाठच्या गावात वरच्या अंगाला सवर्णांचा घाट आणि खालच्या अंगाला महारवाड्याची, मांगवाड्याची जागा असे. गावविहिरीत अस्पृश्यांना पोहरा सोडता येत नसे. बाईने घागर घेऊन लांब थांबायचे आणि कोणी वरून ओतले तरच भरून न्यायची. पाणी भरणे बायकांकडे असल्याने विटाळाचा नियम सांभाळणे आणि तो सोसणे, ही दोन्ही कामे मुख्यतः बायकांच्याच वाट्याला आली. आईबरोबर पाण्याला जाऊ लागलेली मुलगी कुठे उभे राहायचे ते पाहून शिके. त्यामुळे हा भेद कोणी लादलेला न वाटता जगाची रीतच वाटे. अस्पृश्य गणलेल्या जातींतही महार आणि मांग यांचे पाणवठे अनेक ठिकाणी वेगळे होते. बाबासाहेब आंबेडकरांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचे इतके उघड उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. सार्वजनिक पाणवठ्याचा प्रश्न सरकारदरबारी आला तो १९२३ मध्ये. सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक खर्चाचे पाणवठे सर्वांना खुले असावेत असे ठरवले, आणि सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असलेल्या महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. पण कागदावरचा हक्क वापरायला कोणी धजावत नव्हते.

२० मार्च १९२७ रोजी आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेच्या मांडवातून निघाले आणि तळ्याचे पाणी प्यायले. या तळ्यावर मुसलमान आणि ख्रिस्ती लोकांना मज्जाव नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे. म्हणजे वाद धर्माचा नव्हता आणि पाण्याच्या टंचाईचाही नव्हता. थोड्याच वेळात गावात आवई उठली, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. त्यावर जमाव चालून गेला आणि परतणाऱ्या प्रतिनिधींना मारहाण झाली. तळ्याची एक रेघ पुसली गेली, तेव्हा पुढची रेघ देवळाच्या दाराशी दिसू लागली. एरवी एकेका पोटजातीत विभागलेले सवर्ण त्या भीतीने एका बाजूला उभे राहिले. नंतर पंचगव्याने तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. नगरपालिकेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबरात दुसरी परिषद भरली. कोर्टाचा मनाई हुकूम आल्याने तळ्यावर जाणे तहकूब झाले, पण २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. आपण पाण्यासाठी नव्हे, तर इतरांसारखीच माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी तळ्यावर जात आहोत, अशी भूमिका आंबेडकरांनी मांडली. तळ्यावरून कोर्टात चाललेल्या दाव्यात सवर्णांचे म्हणणे होते, की अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देणे ही अनादी कालापासूनची वहिवाट आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९३७ मध्ये ती वहिवाट शाबीत होत नाही असा निकाल दिला. माझ्या मते साऱ्या प्रकरणातले सर्वांत बोलके सत्य हेच आहे. ज्या रुढीसाठी माणसांची डोकी फोडली, तिचे अनादिपण तपासायला बसल्यावर सापडले नाही.

संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तळी आणि स्नानघाट यांचा मुद्दाम उल्लेख आहे तो या पार्श्वभूमीवर, आणि अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. तरी १९७०च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांना 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम घेऊन गावोगाव फिरावे लागले. कायदा होऊन वीस वर्षे उलटली होती आणि बायका अजून वेगवेगळ्या विहिरींवर पाणी शेंदत होत्या. पुढे नळ आले. घरात नळ आला तिथे विहिरीवरची ती रोजची गाठभेट संपली. जिथे सार्वजनिक नळकोंडाळे वस्तीवस्तीला वेगळे बसले, तिथे जुनी विभागणी नव्या पाइपातूनही पुढे गेली.