कोलंबस गावच्या बायकांची फुलं, आणि त्यापुढचा व्यवहार

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लहान गावात कुणी वारलं की फुलवालीच्या दुकानातला फोन वाजायला लागतो. बोलणारा शिकागोहून बोलत असतो, नाहीतर ह्यूस्टनहून. तो गेलेल्या माणसाचं नाव सांगतो, पण फुलवालीला ते सकाळीच कळलेलं असतं. अंत्यदर्शन किती वाजता, अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या कुठल्या फ्युनरल होममध्ये, मंडळी बॅप्टिस्ट पंथाची की मेथडिस्ट, सगळं तिला ठाऊक असतं. ती एवढंच विचारते, "तुम्ही त्यांचे कोण?" त्या उत्तरावर पुढचं ठरतं. शवपेटीच्या झाकणावर पसरतात ती फुलं घरच्यांची, तो मान मुलाबाळांचा. बाकीच्यांनी तिकाटण्यावर उभी करायची सजावट पाठवायची, किंवा कुंडीतलं रोप. नवीन माणूस हमखास इथे चुकतो आणि फुलवाली आवाज न चढवता त्याला सांभाळून घेते.

फुलं पाठवण्याच्या धंद्याचा इतिहास सांगायचा म्हणजे व्हॅलेंटाइनच्या गुलाबांपासून सुरुवात करायची, अशी पद्धत पडून गेली आहे. दक्षिणेपुरती ती चुकीची आहे, असं माझं मत. तिथे ही सवय लागली दफनभूमीत, आणि लावली बायकांनी.

मिसिसिपी राज्यात टॉम्बिग्बी नदीकाठी कोलंबस नावाचं गाव आहे. आजही वस्ती जेमतेम २४ हजारांची. अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धात, १८६२ च्या एप्रिलमध्ये, शायलोची लढाई झाली आणि जखमी सैनिक आगगाडीने या गावात येऊ लागले. बरेचसे वाचले नाहीत. त्यांना फ्रेंडशिप सेमेटरीत पुरलं गेलं. बहुतेक दक्षिणेच्या फौजेतले, पण काही उत्तरेचेही, म्हणजे गावाच्या दृष्टीने शत्रूच. युद्ध संपून वर्ष झालं, आणि २५ एप्रिल १८६६ ला गावातल्या बायका फुलं घेऊन तिथे गेल्या. संगमरवरी स्मारकं उभारायला पैसा नव्हता, परसात फुलं मात्र होती. आपल्या माणसांच्या थडग्यांवर ती वाहून झाल्यावर त्यांनी शत्रूच्या थडग्यांवरही वाहिली. त्या परक्या मुलांच्या आया कुठेतरी लांब होत्या, त्यांना इथवर येणं शक्य नव्हतं. दुसऱ्याच्या वतीने फूल ठेवणं हेच तर पुढे या धंद्याचं काम झालं. कोलंबसमध्ये ते फुकट झालं एवढंच.

न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात याची दोन-तीन ओळींची बातमी आली. ती वाचून इथाका गावच्या फ्रान्सिस माइल्स फिंच या वकिलाने कविता लिहिली. 'द ब्लू अँड द ग्रे' (निळा गणवेश उत्तरेचा, करडा दक्षिणेचा) या नावाने ती १८६७ मध्ये अटलांटिक मंथली या मासिकात छापून आली आणि शाळाशाळांतून पाठ होऊ लागली. ज्यांच्यावर ती लिहिली ते उत्तरेचे सैनिक मात्र फार दिवस तिथे राहिले नाहीत. त्यांचे अवशेष उकरून कोरिंथच्या राष्ट्रीय दफनभूमीत हलवण्यात आले.

गोष्ट इथे थांबवली तर ती फारच गोड होईल. कोलंबसच्या वर्षभर आधी, १ मे १८६५ ला, साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनमध्ये नुकतेच गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीय हजारोंनी घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर जमले होते. युद्धात त्या मैदानाचा कैदखाना झाला होता. तिथे मेलेल्या उत्तरेच्या २५७ सैनिकांना घाईघाईत एकत्र गाडलं होतं. या लोकांनी त्यांना वेगवेगळं, नीट पुरलं, भोवती कुंपण घातलं, आणि शाळेतली मुलं हातात गुलाब घेऊन मिरवणुकीच्या पुढे चालली. हे सगळं चार्ल्सटनच्या गोऱ्या समाजाने विस्मरणात ढकललं. डेव्हिड ब्लाइट या इतिहासकाराच्या हाती त्याचे कागद लागले ते १९९० च्या दशकात. उलट गोऱ्या बायकांच्या स्मारक-मंडळांनी फुलांच्या आडून हरलेल्या बाजूचं उदात्तीकरणही भरपूर केलं. मिसिसिपी आणि अलाबामात एप्रिलमध्ये त्या बाजूच्या सैनिकांच्या नावाने अजून सरकारी सुट्टी असते. फूल निरागस असतं हे आपण म्हणायचं, वाहणाऱ्याचं तसं असेलच असं नाही.

१८६८ मध्ये उत्तरेच्या माजी सैनिकांच्या संघटनेचे प्रमुख जनरल लोगन यांनी ३० मे हा थडगी सजवण्याचा दिवस, 'डेकोरेशन डे', ठरवून दिला. युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा आजचा मेमोरियल डे त्यातूनच आला. पहिला मान कोणत्या गावाचा यावर भांडणं आहेत. १९६६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरलू गावाला तो अधिकृतपणे मिळाला, पण कोलंबसमध्ये कुणी तो मनावर घेतलेला दिसत नाही.

डोंगराळ भागात, म्हणजे नॉर्थ कॅरोलिना, टेनेसी, केंटकीच्या दऱ्याखोऱ्यांत, 'डेकोरेशन डे' याच नावाचा पण वेगळा सण आहे. त्याचा फौजेशी संबंध नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर एका रविवारी सगळं कुळ दफनभूमीत जमतं. आदल्या दिवशी गवत काढायचं, थडग्यांवर मातीचे उंचवटे नीट करायचे, मग फुलं, मग प्रार्थना, आणि झाडाखाली डबे सोडून जेवण. बागेत फुलं कमी पडली तर बायका क्रेप कागदाची करत. पाऊस लागून रंग उतरू नये म्हणून ती वितळलेल्या मेणात बुडवत. १९४० च्या दशकात फॉन्टाना धरण झालं आणि तलावाच्या उत्तर काठावरच्या दफनभूमींकडे जाणारा रस्ता पाण्याखाली गेला. आता राष्ट्रीय उद्यानाचे लोक त्या कुटुंबांना ठरलेल्या रविवारी बोटीने पलीकडे नेतात. म्हाताऱ्या बायका मांडीवर फुलांचे खोके घेऊन बसलेल्या असतात.

बाजार यात शिरला तो आईच्या वाटेने. वेस्ट व्हर्जिनियातल्या ॲन रीव्ह्ज जार्व्हिस यांनी युद्धात दोन्ही बाजूंच्या सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या बायका संघटित केल्या, आणि १८६८ मध्ये दोन्हीकडच्या कुटुंबांना एकत्र आणायला आयांचा मेळावा भरवला. १९०५ मध्ये त्या वारल्या. त्यांच्या ॲना या मुलीने १० मे १९०८ ला ग्राफ्टन गावच्या मेथडिस्ट चर्चमध्ये आईच्या आवडीची ५०० पांढरी कार्नेशन पाठवली. ती स्वतः तिथे नव्हती, फिलाडेल्फियात होती. गाव सोडलेल्या लेकीने गावच्या चर्चला फुलं पाठवणं, हा आजच्या मदर्स डेचा उगम. १९१४ मध्ये अध्यक्ष विल्सन यांनी त्याला राष्ट्रीय मान्यता दिली.

मग कार्नेशनचे भाव चढले. पांढरी पुरेनात तेव्हा फुलवाल्यांनी तोड काढली: आई गेलेली असेल तर पांढरं लावा, हयात असेल तर लाल. धंद्याची ही युक्ती दक्षिणेतल्या चर्चांनी इतकी मनापासून उचलली की तिथे ती जणू धर्माचाच भाग झाली. मे महिन्यातल्या त्या रविवारी कुणाच्या कोटावर कोणत्या रंगाचं फूल आहे यावरून न विचारता कळतं. ज्या वर्षी लालाच्या जागी पांढरं लावावं लागतं ते वर्ष माणूस विसरत नाही. ॲना जार्व्हिस मात्र या बाजाराने इतक्या भडकल्या की उरलेलं आयुष्य त्यांनी फुलवाले, मिठाईवाले आणि शुभेच्छापत्रवाल्यांशी लढण्यात घालवलं. १९४८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका सॅनिटोरियममध्ये त्या गेल्या.

लांबून पाठवलेलं फूल कोमेजायच्या आत पोचणार कसं, हा प्रश्न तारेने सोडवला. १९१० मध्ये १५ फुलवाल्यांनी एकमेकांच्या ऑर्डरी तारेने पुऱ्या करण्याची संघटना काढली, एफटीडी. फूल प्रवास करतच नाही, प्रवास करतो निरोप. पैसे शिकागोत भरायचे आणि गुच्छ बांधायचा मिसिसिपीतल्या दुकानात. ऑर्डर घेणाऱ्याला साधारण २० टक्के, बाकी बांधणाऱ्याला, त्यातून संघटनेचा वाटा. 'फुलांतून बोला' या अर्थाची तिची गाजलेली घोषणा १९१७ च्या सुमाराची.

वेळही नेमकी साधली गेली. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्ककडे गेले. डोंगरातले गरीब गोरे ओहायो-मिशिगनच्या कारखान्यांत गेले. मागे राहिले आईबाप आणि दफनभूमी. दर अंत्यविधीला रजा आणि गाडीभाडं कुठून आणणार? कोकणातून मुंबईला गेलेल्या चाकरमान्याची मनीऑर्डर जे काम करत होती, त्यातलं थोडं तिकडे या तारेच्या फुलांनी केलं असणार. गावाने बघावं, पोराला आठवण आहे.

आणि गाव बघतं. कृष्णवर्णीय चर्चच्या अंत्यविधी-पत्रिकेत खांदेकऱ्यांच्या नावांखाली फुलं वाहून नेणाऱ्या बायकांचीही नावं छापलेली असतात, तो वेगळा मान आहे. प्रत्येक गुच्छाला चिठ्ठी असते. नाव पुढच्या बाजूला, आणि मागे फुलवालीच्या किंवा फ्युनरल होमवाल्यांच्या हातची नोंद: 'गुलाबी ग्लॅडिओला, पांढरी शेवंती, उभं.' विधी उरकला की चिठ्ठ्या काढून पाकिटात घालून घरच्यांना देतात, कारण पुढच्या काही आठवड्यांत एकेकाला हाताने आभारपत्र लिहायचं असतं, आणि 'फुलांबद्दल धन्यवाद' एवढ्यावर भागत नाही, कोणती फुलं ते लिहावं लागतं. आपल्याकडे फुलपुडी सोडली की पुडीवाल्याचं काम संपतं. तिकडे फुलाचा जमाखर्च राहतो.

सजावटीच्या आवडीनिवडीबद्दल न बोललेलं बरं, पण एक सांगतोच. फुलांच्या चौकटीत खेळण्यातला टेलिफोन बसवायचा, रिसीव्हर काढून ठेवलेला, आणि वर रिबिनीवर लिहायचं: 'येशूचा फोन आला.' शहरातले लोक याला हसतात. गावात मात्र हे मागवणारे होते, आणि त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

आज गुच्छातला गुलाब बहुधा कोलंबियातला असतो. डेव्हिड चीव्हर या विद्यार्थ्याने १९६७ मध्ये बोगोटाच्या पठारावर फुलशेती कशी परवडेल हे मांडलं, १९६९ मध्ये भागीदारांसह तिथे कंपनीही काढली. १९९१ च्या कायद्याने तिथल्या फुलांवरची जकात गेली आणि अमेरिकेतले गुलाब-कार्नेशनचे मळे एकामागून एक बंद पडले. परदेशातून येणारी बहुतेक फुलं मायामीच्या विमानतळावर उतरतात आणि थंड ट्रकांतून उत्तरेकडे निघतात. दक्षिणेच्या मातीतलं गुच्छात उरलं ते मुख्यतः पानं: फ्लोरिडातल्या पिअरसन भागातला नेचा आणि कुणाच्या तरी अंगणातल्या मॅग्नोलियाची चकचकीत पानं.

ऑर्डर घेणाराही बदलला. इंटरनेटवर गावाचं नाव लावून बसलेलं दुकान पुष्कळदा गावात नसतंच. कुठल्यातरी कॉल सेंटरमध्ये पैसे घेतले जातात आणि कापून उरलेल्या रकमेत खऱ्या फुलवालीने गुच्छ बांधावा अशी अपेक्षा असते. स्थानिक असल्याचा आव आणण्याविरुद्ध अनेक राज्यांनी कायदे केले आहेत. अशा दलालाकडून आलेल्या ऑर्डरवर मृताचं आडनाव पुष्कळदा चुकीचं असतं. फुलवाली ते चिठ्ठीवर दुरुस्त करून लिहिते आणि ऑर्डर पुढे पाठवते.