बर्फातला माग कसा ओळखावा : किब्बरच्या हिवाळी सहलीला येणाऱ्यांसाठी

साताऱ्याहून फेब्रुवारीत आमच्यासोबत हिमाचल प्रदेशातल्या स्पितीला येणाऱ्या बहुतेकांनी कोयनेच्या पाणवठ्यावर गव्याचे खूर किंवा बिबट्याचा पंजा चिखलात उमटलेला पाहिलेला असतो. सुमारे ४,२०० मीटर उंचीवरच्या किब्बर गावाभोवतीचा बर्फ मात्र चिखलासारखा वागत नाही. चिखल वाळला की ठसा बराचसा टिकतो. बर्फातला ठसा उन्हाने कडांकडून वितळून पसरतो आणि सकाळी कोल्ह्याचा असलेला पंजा दुपारी हिमबिबट्याचा वाटू लागतो. आमच्याच एका गटाने अशा ठशाचे फोटो उत्साहाने घरी पाठवले होते. वाटाड्याने माग उलटा काढत नेला, तेव्हा खडकाच्या सावलीत त्याच प्राण्याचा जेमतेम पाच सेंटिमीटरचा, नखे स्पष्ट उमटलेला ठसा मिळाला.

म्हणून ठसा ऊन चढण्यापूर्वी किंवा सावलीत पाहावा आणि एकाच ठशावर न थांबता निदान वीस पावलांचा माग पाहावा. हिमबिबट्याचा पंजा गोलसर व चार बोटांचा असतो. त्याची नखे सहसा उमटत नाहीत, तळव्यावरील दाट केसांमुळे कडा पुसट दिसतात आणि भुसभुशीत बर्फात कधी लांब शेपटीची रेघही मिळते. कोल्ह्याचा ठसा लहान, लांबट असतो आणि माग दोरी धरून आखल्यासारखा सरळ जातो, तर गावातले कुत्रे हुंगत, वळणे घेत हिंडते. लांडगा आणि मोठा कुत्रा यांचा फरक मात्र एकट्या ठशावरून आम्हीही सांगत नाही.

सशाच्या मागाने नवखा हमखास फसतो. उडी घेताना त्याचे मोठे मागचे पाय लहान पुढच्या पायांच्याही पुढे पडतात, त्यामुळे ससा गेला त्याच्या उलट दिशेला आपण बघत बसतो. दुभंगलेले खूर दिसल्यास आयबेक्स किंवा भरल (दोन्ही शेळीच्या जवळचे रानटी प्राणी) म्हणण्याआधी गावच्या शेळ्यामेंढ्या आठवाव्यात.

सोबत कंपासपेटीतली पंधरा सेंटिमीटरची पट्टी आणावी; ती विसरल्यास २७ मिलिमीटर व्यासाचे दहा रुपयांचे नाणे ठशाशेजारी ठेवून फोटो बरोबर वरून काढावा. मागावरून न चालता त्याच्या कडेने चालावे आणि ताजा माग दिसला तरी वाटाड्याला सोडून पुढे जाऊ नये, कारण त्या उतारांवरच्या घळी बर्फाने झाकलेल्या असतात.