पेशी काय जेवली, हे प्रकाशाला कळतं

स्तनाच्या कर्करोगावर काम करणाऱ्या कितीतरी प्रयोगशाळांत दोन सेल लाइन (प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवत ठेवलेल्या, एकाच वंशाच्या पेशी) शेजारी शेजारी वाढतात: एमसीएफ-७ आणि एमसीएफ-१०ए. दोघींचं माहेर अमेरिकेतलं मिशिगन. पहिली कर्करोगाची, दुसरी कर्करोग नसलेली. दोघींवर लेसर टाकायचा, रामन वर्णपट (परतलेल्या प्रकाशाचा रंग किती बदलला, याचा आलेख) काढायचा आणि जो फरक दिसेल तो कर्करोगाच्या नावे लिहायचा. सोपं वाटतं, पण गोची ताटात आहे.

एमसीएफ-७चं साध्या माध्यमात, म्हणजे पेशींना पोसणाऱ्या द्रवात, १० टक्के गोगर्भाचं सीरम (रक्तातला पातळ द्रव) घातलं की भागतं. १०एचे लाड फार. तिला घोड्याचं सीरम, इन्सुलिन, हायड्रोकॉर्टिसोन, पेशीवाढीला चालना देणारं एक प्रथिन आणि वर चिमूटभर कॉलराचं विष लागतं. हो, खरोखरच विष! मग दिसलेला फरक रोगाचा की जेवणाचा? दोघींना एकच माध्यम द्यावं, तर एकीचे हाल होतात.

सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात शोधलेला परिणाम इथे कामाला येतो. रेणूवर पडलेला बहुतेक प्रकाश त्याच रंगाचा परततो. कोटीत एखादा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, रंग बदलून येतो. किती बदलला, यावरून रेणू ओळखू येतो. हा बदल ‘प्रति सेंटीमीटर’ या एककात मोजतात; पेशीच्या वर्णपटात ७८५च्या आसपासचं शिखर डीएनए-आरएनएचं, २८५०चं मुख्यतः स्निग्धांचं. पण हे सगळं त्या क्षणी पेशीत जे आहे त्याचं मोजमाप. पेशी कोण आहे आणि कशी जगते आहे, हे दोन्ही त्यात एकत्र कालवलेलं असतं.

सोमवारी फ्लास्कमध्ये टाकलेल्या पेशी बुधवारी जोरात विभागत असतात. शनिवारपर्यंत तळ गच्च भरतो, विभाजन मंदावतं, गुलाबी माध्यम पिवळट पडतं. पेशी त्याच, वर्णपट मात्र वेगळा. सीरममधली मेदाम्लं पेशी थेंबांच्या रूपात साठवते, त्यामुळे स्निग्धांचं शिखर वाढतं. आणि सीरमची प्रत्येक बॅच सारखी नसते. साखरेचं तर विचारूच नका: नेहमीच्या वापरातल्या एका माध्यमात लिटरमागे ४.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, आपल्या रक्तात उपाशीपोटी साधारण १ ग्रॅम. म्हणून असल्या शोधनिबंधात मी आधी निष्कर्ष वाचत नाही. पेशी कितव्या दिवशी मोजल्या, ते शोधतो. एकाच सेल लाइनला वेगवेगळं खाऊ घालून नुसत्या जेवणाने वर्णपट किती हलतो, हे आधी पाहून ठेवलेलं असेल, तर पुढचं वाचायला हुरूप येतो.

भांडंसुद्धा लुडबुड करतं. फिनाइलअलानिन या अमिनो आम्लाचं ठळक शिखर १००३ला येतं, आणि पेशी वाढवायच्या पॉलिस्टायरीनच्या डिशचं १००१ला. प्रथिन मोजतोय म्हणून प्लास्टिकच मोजलं जायचं! काचेवर गेलं, तर काचेचा स्वतःचा पसरट उजेड आड येतो. म्हणून अनेकजण कॅल्शियम फ्लोराइडच्या चकतीवर पेशी वाढवतात. ती महाग असते आणि हातातून निसटली की फुटते.