दावाओची चौकशी आणि लैला डी लिमा

फिलिपिन्सचे माजी अध्यक्ष रोद्रिगो दुतेर्ते यांना अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेतल्या हत्यांप्रकरणी ११ मार्च २०२५ रोजी मनिलाच्या विमानतळावर अटक झाली आणि त्याच रात्री त्यांना हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे रवाना केलं गेलं. या प्रकरणाची मुळं शोधताना माजी सिनेटर लैला डी लिमा यांचं नाव टाळताच येत नाही. त्यासाठी सोळा वर्षं मागे, दावाओ शहरात जायला हवं.

डी लिमा बिकोल भागातल्या इरिगाच्या. जन्म १९५९चा. वडील निवडणूक आयोगाचे आयुक्त होते. मुलगीही निवडणूक खटल्यांतली जाणकार वकील झाली. २००८ मध्ये अध्यक्ष ग्लोरिया मकापगाल-आरोयो यांनी त्यांना मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्षपदी नेमलं. पुढच्याच वर्षी त्या चौकशीसाठी दावाओला पोहोचल्या. मोटरसायकलवरून येणारे मारेकरी तिथे भुरट्या चोरांना, अमली पदार्थ विकणाऱ्या किरकोळ लोकांना, कधी अल्पवयीन पोरांनाही भर रस्त्यात संपवत होते. शहराचे महापौर होते दुतेर्ते. त्यांच्याच गावात, जाहीर सुनावणीत, मनिलाहून आलेल्या एका बाईने त्यांना जाब विचारला. पुरावे गोळा करणं अवघड होतं, साक्षीदार घाबरलेले होते. चौकशीतून महापौरांवर खटला उभा राहिला नाही. पण दुतेर्ते तो दिवस विसरले नाहीत.

२०१० मध्ये बेनिग्नो अकिनो तिसरे यांच्या मंत्रिमंडळात डी लिमा न्यायमंत्री झाल्या. पुढच्या वर्षी उपचारांसाठी परदेशी निघालेल्या आरोयोंना त्यांनी विमानतळावरूनच परत पाठवलं, तेही प्रवासबंदीला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती असताना. ज्यांनी पहिलं मोठं पद दिलं त्यांनाच अडवलं, याचं कौतुक झालं. मला मात्र न्यायालयाचा आदेश बाजूला सारणं ही त्यांच्या कारकिर्दीतली न शोभणारी गोष्ट वाटते.

२०१६ मध्ये त्या सिनेटवर गेल्या. फिलिपिन्सची सिनेट म्हणजे आपली राज्यसभा नव्हे. २४ सिनेटर थेट जनता निवडते, आणि मतदारसंघ एकच, अख्खा देश. दर तीन वर्षांनी बारा जागा भरतात; डी लिमा नेमक्या बाराव्या आल्या, एक कोटी चाळीस लाखांवर मतं घेऊन. ३० जून २०१६ला त्यांची मुदत सुरू झाली. अध्यक्ष म्हणून दुतेर्तेंची मुदतही त्याच दिवशी सुरू झाली.

दुतेर्तेंच्या अमली पदार्थांविरुद्धच्या 'युद्धा'त माणसं मरू लागताच सिनेटच्या न्याय व मानवी हक्क समितीच्या अध्यक्षा म्हणून डी लिमांनी सुनावण्या लावल्या. सप्टेंबरमध्ये एडगर मातोबातो याने दावाओच्या मारेकरी टोळीत आपण होतो, अशी साक्ष दिली. चार दिवसांत सिनेटने डी लिमांना समितीवरून काढलं. न्यायमंत्री असताना त्यांनी बिलिबिद तुरुंगातल्या अमली पदार्थांच्या धंद्यातून निवडणुकीसाठी पैसा घेतला, असा आरोप पुढे आला. संसदेत त्यांच्या खासगी नात्याची लाज वाटावी इतकी चिरफाड झाली. २४ फेब्रुवारी २०१७ला त्यांना अटक झाली.

पुढची सहा वर्षं आणि साडेआठ महिने त्या मनिलातल्या पोलीस मुख्यालयात, कॅम्प क्रेममध्ये कोठडीत होत्या. मोबाइल नाही, संगणक नाही; निवेदनं हातानेच लिहायच्या. सभागृहात मत देण्याची मुभा नव्हती, विधेयकं मात्र मांडत राहिल्या. गरिबांच्या हक्कांची सनद ठरलेला २०१९चा कायदा त्यांनी पुढे रेटला होता, आणि त्यावर सही झाली ती दुतेर्तेंची!

२०२२ मध्ये वारं फिरलं. पैसे पोहोचवल्याचं सांगणारे तुरुंग विभागाचे माजी अधिकारी राफाएल रागोस यांनी, आपली साक्ष दबावाखाली दिली होती, असं सांगून ती मागे घेतली. निवडणुकीत मात्र डी लिमा हरल्या. ऑक्टोबरमध्ये कोठडीतून पळू पाहणाऱ्या एका कैद्याने त्यांना ओलीस धरलं. पोलिसांनी त्याला गोळी घातली आणि त्या वाचल्या. १३ नोव्हेंबर २०२३ला जामीन मिळाला. तीनपैकी दोन खटल्यांतून त्या आधीच सुटल्या होत्या, तिसऱ्याचा निकाल जून २०२४ मध्ये त्यांच्या बाजूने लागला.

जामिनाला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी, १३ नोव्हेंबर २०२४ला, संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या समितीसमोर दुतेर्ते उत्तरं द्यायला आले. त्याच सुनावणीला डी लिमाही बोलावल्या गेल्या होत्या. मे २०२५ मध्ये 'ममामायांग लिबरल' या पक्षाच्या यादीतून त्या त्याच सभागृहावर निवडून आल्या. तोवर दुतेर्ते हेगच्या कोठडीत होते.