मल्टिपल स्क्लेरोसिसमधील थकवा आणि नैराश्य : जैविक कारणे

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या आजारात शरीराचीच प्रतिकारयंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांतील चेतातंतूंवरचे मायलिनचे आवरण खराब करते. बधिरपणा, अंधुक दिसणे, तोल जाणे या तक्रारी डॉक्टरांना तपासणीत पकडता येतात. थकवा आणि नैराश्य मात्र हातोडीने गुडघा ठोकून कळत नाहीत, आणि घरचेही ‘दिसायला तर धडधाकट आहे’ म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक रुग्णांना थकवा जाणवतो, आणि जवळपास निम्म्यांना आयुष्यात कधीतरी तीव्र नैराश्य येते. अपंगत्व किती आहे यावर या दोन्ही तक्रारी फारशा अवलंबून नसतात. नीट चालणारा रुग्णही दुपारी बाराला गळून गेलेला असू शकतो.

थकव्याची सुरुवात तंतूपासूनच होते. निरोगी तंतूत सोडियम आत घेणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या मायलिनमधल्या ठरावीक फटींपाशी दाटीने असतात आणि संदेश एका फटीवरून दुसरीवर उडी घेत जातो. आवरण गेले की या वाहिन्या उघड्या तंतूभर पसरतात. संदेश रांगत पुढे सरकतो, आत जास्त सोडियम शिरते आणि ते बाहेर फेकायला पेशीला जास्त ऊर्जा लागते. ती पुरवणारी मायटोकाँड्रिया दाहामुळे आधीच दुबळी झालेली असतात. त्यात उष्णतेची भर पडली तर संदेश वाटेतच अडतो. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये श्रमानंतर रुग्णांची नजर मंदावते असे नोंदवले. खरा दोष शरीराचे तापमान वाढण्याचा, हे नंतर उमगले. अर्ध्या अंशाची वाढही काहींना पुरते. एमआरआय येण्यापूर्वी संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणे बळावतात का, हे पाहिले जाई. कढत पाण्याने आंघोळ करून बाहेर आल्यावर भिंतीवरचे कॅलेंडर पुसट दिसते आणि पाय लटपटतात, तो हाच प्रकार. विदर्भातला मे महिना अशा रुग्णाला का नकोसा होतो, हे वेगळे सांगायला नको. अंग थंड झाले की बहुधा फरक पडतो.

मेंदूच्या पातळीवरही गणित बिघडते. नेहमीचे काम करायला मेंदूचे जास्त भाग कामाला लागल्याचे एफएमआरआय (काम करताना मेंदूचे कोणते भाग सक्रिय होतात ते दाखवणारा एमआरआय) चाचण्यांत दिसते. थकलेल्या रुग्णांच्या ललाटखंडात (कपाळामागच्या भागात) आणि तळगंडिकांमध्ये (मेंदूच्या खोल भागातील पेशीपुंजांमध्ये) ग्लुकोजचा वापर कमी असल्याचे १९९७ मधील पेट-स्कॅन अभ्यासात आढळले. श्रम आणि मोबदला यांचा मेळ घालणारी, डोपामीन या मेंदूतील रसायनाची वाट याच भागांतून जाते. ती विस्कळीत होत असावी, असा एक तर्क आहे.

दोन्ही तक्रारींना जोडणारा धागा म्हणजे दाह. फ्लूत ताप चढला की अंग टाकून पडावेसे वाटते, जेवण नको होते, कुणाशी बोलू नये असे वाटते. हे सारे सायटोकाइन नावाच्या संदेशवाहक रेणूंमुळे घडते. एमएसमध्ये इंटरल्युकिन-६, टीएनएफ-अल्फा यांसारखे सायटोकाइन दीर्घकाळ सक्रिय राहू शकतात. ज्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून मनःस्थितीशी निगडित सेरोटोनिन बनते, त्यातला काही भाग ते कायन्युरेनिन या दुसऱ्या रसायनाच्या मार्गाला वळवतात. त्या मार्गावर तयार होणारे क्विनोलिनिक आम्ल चेतापेशींना घातक असते.

नैराश्य केवळ आजाराच्या धसक्याने येते, हे म्हणणे अर्धेच खरे. धसका, नोकरीची चिंता, एकटेपणा यांचा वाटा आहेच. पण नैराश्य असलेल्या रुग्णांत काही अभ्यासांनी ललाट व शंखखंडाशी (कानाजवळच्या भागाशी) संबंधित भागांत जास्त व्रण (आजाराने मायलिन खराब झालेल्या जागा) दाखवले आहेत, आणि स्मृती व भावनांशी निगडित हिप्पोकॅम्पसचे काही भाग आक्रसलेले आढळले आहेत. कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची दैनंदिन लयही बिघडलेली दिसते. अर्थात व्रणाच्या जागेवरून कुणाला नैराश्य येईल हे सांगता येत नाही. निष्कर्ष एकमेकांशी नेहमी जुळतही नाहीत.

निदानात मोठी गोची आहे. नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावल्या झोप, भूक आणि थकवा यांबद्दल विचारतात, म्हणजे नुसत्या एमएसमुळेही गुण वाढतात. म्हणून आनंद वाटेनासा होणे, स्वतःला दोष देणे, जगणे नकोसे होणे या खुणा अधिक भरवशाच्या मानतात. आत्महत्येचा धोका या आजारात वाढलेला असतो, त्यामुळे शेवटची खूण कधीच सोडून द्यायची नसते.

थकव्यावर सर्रास दिल्या जाणाऱ्या अमँटाडीन, मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट या औषधांची २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्लासिबोशी (औषध नसलेल्या नकली गोळीशी) तुलना झाली. एकही औषध सरस ठरले नाही. त्यामानाने नियमित व्यायाम, कामाची विभागणी आणि वर्तनोपचार यांचे पारडे जड आहे. नैराश्यावर समुपदेशन आणि नैराश्यरोधी औषधे उपयोगी पडतात. आणि डॉक्टर आधी साध्या गोष्टी तपासतात: हिमोग्लोबिन, थायरॉइड, स्नायूंच्या ताठरपणावरच्या बॅक्लोफेनची गुंगी, आणि लघवीसाठी रात्री चार-चारदा उठावे लागल्याने मोडलेली झोप.