रबराचा कुस्करा

सातपुड्याच्या पायथ्याला भरणाऱ्या आठवडे बाजारात टायरच्या चपला करणारा एक कारागीर बसायचा. लहानपणी मी त्याच्यासमोर तासन्‌तास उभा राहत असे. एक रापी, एक हातोडी, खिळ्यांची डबी आणि पाण्यानं भरलेलं पत्र्याचं डबडं, एवढंच त्याचं सामान. रापी पाण्यात बुडवायची, टायरच्या पट्ट्यावर टेकवायची आणि अंगाचा सगळा भार देऊन ओढायची. पाणी वाळलं की रापी जागच्या जागी अडकायची. रबर पात्याला दोन्ही बाजूंनी आवळून धरतं. मध्ये पाण्याचा पातळ थर आला की पकड सुटते. पुढं बऱ्याच वर्षांनी जुन्या टायरांचे तुकडे करणारं श्रेडर यंत्र चालू असताना पाहिलं. त्याच्या पात्यांवर पाण्याचे फवारे सुटलेले होते आणि मला ते डबडं आठवलं.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात. त्यामुळं खानदेशात ट्रकचं टायर ही नवलाईची वस्तू कधीच नव्हती. घासलेल्या टायरवर रिमोल्ड, म्हणजे रबराचा नवा थर, चढवायचा, तोही संपला की तो बैलगाडीला लावायचा, त्यानंतर चपला, जनावरांना पाणी पाजायची टोपली, ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधलेल्या खाटा. ही साखळी मला फार मोलाची वाटते. पण गाड्या इतक्या वाढल्या की या साखळीत मावतील त्याहून कितीतरी जास्त टायर आता रस्त्याकडेला साचतात. आणि टायर हा सहजी संपणारा पदार्थच नाही.

का नाही, हे समजून घ्यायला जळगावला चला. जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटया होतात, पाइप होतात, ठिबकच्या नळ्या होतात. शेतातली फाटकी नळी भंगारात जाते, वितळते आणि तिची पुन्हा नवी वस्तू होते. त्या प्लॅस्टिकचे लांबलचक रेणू एकमेकांशेजारी नुसते पडलेले असतात. उष्णता दिली की ते एकमेकांवरून घसरतात, म्हणजेच प्लॅस्टिक वितळतं. कच्च्या रबराचंही तसंच होतं: उन्हात चिकट, थंडीत कडक. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला आढळलं की गंधक मिसळून तापवलं की रबराची ही खोड जाते. गंधकाचे अणू शेजारशेजारच्या रेणूंमध्ये पूल बांधतात. या क्रियेला व्हल्कनायझेशन म्हणतात. शंभर किलो रबराला जेमतेम दीड-दोन किलो गंधक पुरतं, पण तेवढ्यानं अख्खा टायर आतून एकमेकांत गुंतलेलं एकच जाळं होऊन जातो. मग घसरायला सुटा रेणू उरतच नाही. तापवा, आणखी तापवा, तो वितळत नाही, शेवटी करपतो.

कळण्याच्या भाकरीचं असंच असतं. एकदा तव्यावर भाजली की तिचं पुन्हा पीठ होत नाही. मात्र तिचा कुस्करा करता येतो. टायरच्या पुनर्वापराचा बराचसा उद्योग या एका वाक्यात मावतो: वितळवता येत नाही, म्हणून बारीक करा.

बारीक करणं मात्र भाकरीइतकं सोपं नाही. दगड फोडायच्या क्रशरमध्ये टायर घातला तर तो दबेल आणि दाब सुटताच पुन्हा फुगून वर येईल. घण घातला तर घणच उसळेल. दगड दाबानं तडकतो, रबर दबतं आणि परत उभं राहतं. त्याला कापावं किंवा फाडावंच लागतं. शिवाय टायर म्हणजे नुसतं रबर नव्हे. त्यात वजनाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतका कार्बन ब्लॅक म्हणजे खास बनवलेली काजळी असते. टायरचा काळा रंग आणि चिवटपणा तिच्यामुळंच. जस्ताच्या ऑक्साइडची भुकटी असते, तेल असतं, नायलॉन किंवा पॉलिएस्टरची सुतं असतात आणि पोलादी तार असते. रिमला घट्ट बसणाऱ्या कडेत जी जाड तार असते तिची ताकद बांधकामाच्या सळईच्या जवळपास चौपट. अशी तार थेट श्रेडरमध्ये गेली तर पाती बोथट होतात. म्हणून मोठ्या टायरच्या बाबतीत पहिलं काम असतं ती कड उपसून काढण्याचं. हायड्रॉलिक ताकदीवर चालणारा आकडा कड पकडतो आणि तारेची अख्खी गुंडाळी टायरमधून खेचून बाहेर काढतो. जालन्याच्या पोलाद भट्ट्यांना भंगार लागतं. ही तार त्यांच्यासाठी कच्चा माल आहे.

मग येतो श्रेडर. रसवंतीच्या चरकासारखे दोन आडवे दंड समोरासमोर फिरतात, पण चरकासारखे गुळगुळीत नव्हेत. दंडांवर जाड पोलादी चकत्या असतात, त्यांना आकड्यासारखे दात असतात, आणि एका दंडाची चकती दुसऱ्या दंडाच्या दोन चकत्यांच्या मधल्या फटीत फिरते. दात टायरला आत ओढतात, चकत्यांच्या कडा त्याला कात्रीसारखं कापतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला नवल वाटतं ते वेगाचं. मिनिटाला वीस-चाळीस फेरे, बस्स. घरातला पंखा याच्या कितीतरी पट वेगानं फिरतो. इथं वेगाला किंमत नाही, पिळाला, म्हणजे फिरवण्याच्या जोराला आहे. मोटर वेगानं फिरते, गिअरबॉक्स तो वेग खाऊन त्याचा पीळ करतो. वेग वाढवला तर दात टायर पकडण्याऐवजी त्याला टोलवतील, आणि रबर तापेल. रबर प्रत्येक वेळी ताणलं आणि सोडलं की दिलेल्या ऊर्जेचा काही भाग उष्णतेच्या रूपानं आतच ठेवून घेतं. लांबच्या प्रवासात टायर हाताला गरम लागतो तो याच कारणानं. टायर अडकला तर यंत्र स्वतःच दोन फेरे उलटं फिरतं, तुकड्याची बाजू बदलते, पुन्हा सुरू होतं.

खाली हातभर पट्ट्यांपासून वीतभर तुकड्यांपर्यंत सगळं पडतं. ते चाळणीवर जातं, मोठे तुकडे सरकत्या पट्ट्यावरून परत वर श्रेडरमध्ये. पुढच्या यंत्रात एकच दंड असतो. फिरती पाती स्थिर पात्यांना घासून जातात आणि बोटाच्या पेरापेक्षा लहान झाल्याशिवाय तुकडा खालच्या जाळीतून सुटत नाही. इतका लहान झाला की रबरानं धरून ठेवलेली तार मोकळी होते, आणि वर टांगलेला चुंबक ती उचलून घेतो. उरली सुतं. त्यांना काढायची रीत आपल्या खळ्यावरचीच आहे. उपणताना वारा भुस्सा उडवतो आणि दाणा खाली पडतो. इथं हवेचा झोत कापसासारखी मऊ सुतं उडवून नेतो आणि जड रबर खाली राहतं. दोन्हीकडं एकच नियम: वजन कमी आणि पसारा जास्त, तो वाऱ्याला आधी सापडतो.

त्यापुढं दळण सुरू होतं, आणि खर्चही चढत जातो. एक सेंटिमीटरच्या ठोकळ्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. त्याचे एक मिलिमीटरचे हजार ठोकळे केले तर तोच पृष्ठभाग साठ होतो. हा जादाचा प्रत्येक चौरस सेंटिमीटर फाडून निर्माण करायचा, त्यासाठी वीज लागते. म्हणून ‘तीस मेश’, म्हणजे साधारण ०.६ मिलिमीटरची भुकटी ओबडधोबड तुकड्यांपेक्षा महाग. दुसरा एक मार्ग आहे: द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६ अंश. उणे सत्तरच्या आसपास नैसर्गिक रबर आपला लवचीकपणा सोडतं आणि काचेसारखं ठिसूळ होतं, मग हातोडीचा ठोका पुरतो. त्या भुकटीचे कण काचेच्या चुऱ्यासारखे गुळगुळीत निघतात. नुसत्या यंत्रानं फाडलेले कण मात्र खडबडीत असतात, आणि पुढच्या एका कामासाठी हा खडबडीतपणा उपयोगाचा ठरतो.

ते काम रस्त्याचं. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग साठीच्या वर जातो. रस्त्यासाठी नेहमी वापरलं जाणारं व्हीजी-३० डांबर किमान ४७ अंशांपर्यंत मऊ पडू नये, एवढीच मानकाची अट आहे. त्यावरून लादलेले ट्रक जायला लागले की चाकांच्या वाटेवर चरे पडतात. सिग्नलजवळ, जिथं गाड्या थांबतात, तिथं हे चरे सगळ्यात खोल दिसतील. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या फिनिक्स शहराच्या चार्ल्स मॅकडोनाल्ड या अभियंत्यानं अशाच रणरणत्या उन्हात डांबरात टायरची भुकटी घालून पाहिली. १६०-१८० अंशांच्या डांबरात भुकटी वितळत नाही. ती डांबरातली हलकी तेलं शोषून फुगते. कुस्करा दुधात घातला की तो जसा फुगतो आणि दूध दाट होतं, तसंच. खडबडीत कणांना शोषायला जागा जास्त. अशा डांबराच्या एका भारतीय प्रतीत मऊ पडण्याची किमान पातळी ६० अंश ठरवलेली आहे. थंडीत भेगा कमी पडतात, हा आणखी एक लाभ. पण हे डांबर ढवळत ठेवावं लागतं. नुसतं साठवलं तर भुकटी तळाला बसते, फार वेळ फार तापवलं तर रबराचं जाळंच तुटतं आणि फायदा निघून जातो. रबराचं डांबर वापरूनही रस्ता उखडला असं ऐकलं की मी आधी टाकी ढवळली होती का ते विचारतो.

गंधकाचे पूल तोडून रबर पुन्हा मळता येण्याजोगं करण्याचे प्रयत्नही जुने आहेत. गंधक-गंधक बंध कार्बन-कार्बन बंधापेक्षा कमजोर असतो, या फरकाच्या आधारानं पूल तोडायचे आणि रेणू शाबूत ठेवायचे. काही रेणूही तुटतातच, म्हणून असं रिक्लेम रबर नव्यामध्ये थोड्या प्रमाणात मिसळतात.

आणि मग आहे भट्टी. बंद भांड्यात, हवेशिवाय, ४००-५०० अंशांना टायर तापवला की तेल, वायू, काजळी आणि तार वेगळी होते. याला पायरोलिसिस म्हणतात. शास्त्र म्हणून ते चोख आहे. किलोमागे टायरमधली उष्णता चांगल्या कोळशाच्या तोडीची असते. पण बारीक काजळी, गळणारा वायू आणि गरम असतानाच उघडलेलं झाकण यांची किंमत तिथले कामगार आणि शेजारची शेतं मोजतात. जो टायर अजून रबर म्हणून जगू शकतो तो तेलासाठी संपवणं मला पटत नाही. रास्ता रोकोत किंवा शेकोटीत उघड्यावर जाळणं तर त्याहून वाईट. त्या काळ्या धुरात बेन्झिन असतं, कर्करोगाला कारण ठरणारी बहुवलयी संयुगं असतात, गंधकाचे वायू असतात. १९८३ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका टायरच्या ढिगाला लागलेली आग सुमारे नऊ महिने धुमसत होती. ढिगाच्या आत हवा खेळती असते आणि पाणी आतवर पोचत नाही.

ढीग नुसता पडून राहिला तरी तो निरुपद्रवी नसतो. टायर उभा ठेवा, आडवा ठेवा, त्याच्या पोटात पाणी साचतंच. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी अशाच जागी अंडी घालते, आणि ती अंडी कोरड्यात कित्येक महिने टिकतात. पहिला पाऊस झाला की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. तुकड्यांत पाणी साचत नाही, एवढ्या एका कारणासाठीही पावसाळ्याआधी टायर कापून ठेवणं योग्य. जुलै २०२२ च्या केंद्राच्या नियमांनी टायर बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर पुनर्वापराची जबाबदारी टाकली. २०२४-२५ पासून ती दोन वर्षांपूर्वी बनवलेल्या टायरच्या शंभर टक्क्यांवर गेली. पायरोलिसिससाठी परदेशातून जुने टायर आणायलाही बंदी आली. अडतं ते वाहतुकीपाशी. अख्खा टायर म्हणजे बहुतेक पोकळी. गाडी भरते पण वजन होत नाही, डिझेल हवेसाठी जळतं. पहिला श्रेडर धुळ्याच्या चौफुलीजवळ असला आणि तिथून तुकडेच पुढं गेले, तर तीच गाडी कितीतरी जास्त रबर नेईल. दळणाचं महागडं यंत्र मग दूर असलं तरी चालेल.

परवा त्या बाजारात पुन्हा गेलो होतो. चपलांचं दुकान आता त्याचा मुलगा चालवतो. डबडं बदललंय, पाणी तेच. समोरच्या ढिगातला एकेक टायर उचलून तो कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवत होता. टोचला की टायर बाजूला. जुने नायलॉनचे टायर रापीनं सोलले जात, त्यांचे थर चामड्यासारखे सुटत. आताच्या रेडियल टायरमध्ये तळभर पोलादी तार असते, त्याची चपल केली की ती तार पायात शिरते. दहातले आठ टायर त्याला बाजूला टाकावे लागले.