पुनरुत्पादक शेती: बांधावरून पसरलेला विचार

पुनरुत्पादक शेती म्हणजे मातीचा कस टिकवत, वाढवत केलेली शेती. तिचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळक दिसते. हा विचार पुस्तकांपेक्षा शिवारफेरीतून जास्त पसरला.

अल्बर्ट हॉवर्ड १९०५ मध्ये भारतात आले ते सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून, पण पुढे त्यांनी इथल्या शेतकऱ्यांनाच गुरू मानलं. १९२४ ते १९३१ या काळात त्यांनी इंदूरला काडीकचरा, शेण, गोमूत्रात भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ढीग वरखाली करत सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. तिच्यावरचं १९३१ चं पुस्तक त्यांनी यशवंत वाड यांच्यासोबत लिहिलं. आज जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते, आणि तिचं श्रेय त्या अनामिक शेतकऱ्यांनाही जायला हवं.

१९३० च्या दशकात अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात नांगरून उघडी पडलेली माती वादळांनी उडवून नेली. नांगराविषयी शंका तिथून बळावली. १९६२ मध्ये तिथल्याच केंटकी राज्यात हॅरी यंग या शेतकऱ्याने एकराहून कमी तुकड्यावर न नांगरता पेरणी केली. दहा वर्षांनी ब्राझीलच्या पाराना राज्यातले हर्बर्ट बार्ट्झ त्यांचं रान बघायला गेले. मुसळधार पावसात त्यांची स्वतःची माती वाहून जात होती. परतल्यावर त्यांनी त्याच वर्षी नांगरणीशिवाय सोयाबीन पेरलं आणि मग त्यांचं शेत बघायला लोक येऊ लागले.

या पद्धतीत तण गाडणारा नांगर थांबला, पण त्याच्या जागी तणनाशक आलं. रसायनं वापरून माती सुधारते असं म्हणायचं का, हा वाद अजून मिटलेला नाही. ऐंशीच्या दशकात 'पुनरुत्पादक' हे विशेषण रूढ करणारे अमेरिकी प्रकाशक रॉबर्ट रोडेल सेंद्रिय बाजूचे होते. त्यांच्या संस्थेने पेनसिल्व्हेनियात १९८१ पासून सेंद्रिय आणि रासायनिक वाफे शेजारीशेजारी ठेवले आहेत.

अशा शेतावर गेलात तर नुसती हिरवाई बघून परतू नका. मालकाला विचारून कुदळीने वीतभर माती उकरा. गांडुळांची बिळं आहेत का, मुळं सरळ खाली गेलीत की कडक थराला अडून आडवी वळलीत, ते बघा. वाळलेलं ढेकूळ पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा. जिवंत मातीचं ढेकूळ बराच वेळ टिकतं, कारण मुळं आणि बुरशी यांच्या चिकट स्रावांनी कण बांधलेले असतात. खंगलेल्या मातीचं पाहता पाहता विरघळतं. आणि तण कसं आवरता, हे शेतकऱ्याला आवर्जून विचारा.